सोळाची ताकद आठाच्या दुप्पट नसते

'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम खेळायला बसलं की आधी आपलं पात्र घडवावं लागतं. पडद्यावर सहा गुण येतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. प्रत्येकापुढे एक आकडा असतो. एका पात्राची ताकद १६ आणि दुसऱ्याची ८ दिसली की नवा खेळाडू लगेच म्हणतो, "पहिला दुप्पट ताकदवान आहे." मुरलेले खेळाडूसुद्धा बोलण्याच्या ओघात असंच म्हणून जातात. मला हा गैरसमज फार खटकतो, कारण त्यापायी या आकड्यांमागचं देखणं गणित नजरेआड होतं.

२० अंश सेल्सिअस म्हणजे १० अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ताकदीच्या १६ चंही तसंच आहे. हे किलो नाहीत, वजनकाट्यावर पडणारी कुठलीही गोष्ट नाही. मग १६ म्हणजे काय? त्यासाठी फाशांकडे जायला हवं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रकाशित झाला. 'बाल्डर्स गेट'चे नियम त्याच्यावरूनच घेतले आहेत. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर तो चालायचा. त्यात प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहून ठेवायची, म्हणजे आकडा ३ ते १८ च्या मध्ये कुठेतरी पडणार. पुढे १९८१ च्या 'विझर्ड्री'सारख्या कॉम्प्युटर गेम्सनी ही गुणांची कल्पना उचलली आणि आजवर ती टिकून आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. तीन फाशांची बेरीज ९ जास्त वेळा येते की १०? वरवर पाहिलं तर दोन्ही सारख्याच यायला हव्यात. ९ साठी सहा जुळण्या आहेत: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. १० साठीही सहाच: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. तरीही सतराव्या शतकातल्या जुगाऱ्यांना अनुभवाने जाणवलं होतं की १० थोडा जास्त पडतो. हे कोडं गॅलिलिओपर्यंत पोहोचलं आणि त्याने ते मोजून सोडवलं.

समजा तीन फासे लाल, निळा आणि पांढरा असे आहेत. १-२-६ ही जुळणी सहा तऱ्हांनी पडू शकते, कारण १ लालवर, निळ्यावर किंवा पांढऱ्यावर येईल आणि उरलेले दोन आकडे आपापसात जागा बदलतील. १-४-४ मात्र तीनच तऱ्हांनी पडते. आणि ३-३-३ ची तऱ्हा एकच, तिन्ही फाशांवर ३. असं मोजत गेलं की ९ च्या तऱ्हा भरतात २५ आणि १० च्या २७. सगळा फरक त्या एकट्या ३-३-३ ने केला! एकूण तऱ्हा ६ × ६ × ६ म्हणजे २१६. त्यातला फरक फक्त दोनचा, पण पटावर तासन् तास बसणाऱ्यांच्या नजरेने तो टिपला होता.

सगळ्या बेरजांची मोजदाद अशी होते: ३ ची एक तऱ्हा, ४ च्या तीन, ५ च्या सहा, मग १०, १५, २१, २५, २७. ११ च्या पुन्हा २७, आणि तिथून त्याच पायऱ्या उतरत १८ ची परत एकच. हे कागदावर काढलं तर घंटेच्या आकाराचा आलेख मिळतो. सरासरी १०.५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप, जवळपास ३. ८ ते १३ या पट्ट्यात २१६ पैकी १४६ तऱ्हा येतात, म्हणजे ६७.६ टक्के. संख्याशास्त्राच्या पुस्तकातल्या आदर्श घंटेत सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन घेतलं की साधारण ६८ टक्के येतात. अवघे तीन फासे, आणि घंटा इतकी जवळ!

माणसांच्या उंचीचा आलेखही याच आकाराचा का असतो? कारण तोच आहे. उंची एका जनुकावर ठरत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या डीएनएमधल्या १२,००० हून अधिक जागांवरच्या बदलांचा उंचीशी संबंध दिसला. प्रत्येकाचा वाटा इवलासा. अशा अनेक छोट्या, बऱ्याच अंशी सुट्या कारणांची बेरीज झाली की बहुतेक जण मध्यावर गर्दी करतात आणि टोकाला थोडेच उरतात. तीन फासे म्हणजे याच नियमाचं खिशात मावणारं रूप.

तर १६ चा अर्थ असा: तीन फाशांवर १६ किंवा त्याहून जास्त येण्याच्या तऱ्हा दहाच, म्हणजे ४.६ टक्के. शंभरात जेमतेम पाच जण इतके ताकदवान. ८ किंवा त्याहून कमी २६ टक्क्यांना. म्हणजे आकडा सांगतो तो गर्दीतली तुमची जागा.

जुन्या गेम्समध्ये मनासारखे गुण येईपर्यंत पुन्हा फासे टाकणारं 'रिरोल'चं बटण दाबत बसायची सोय असायची. १९९८ च्या पहिल्या 'बाल्डर्स गेट'मध्ये कित्येकांनी त्यापायी रात्री घालवल्या. त्यातून समजुती तयार होतात: इतका वेळ वाईट पडलं, आता चांगलं पडणारच, अमुक वेळी दाबलं की नशीब साथ देतं. हे सपशेल चूक आहे. फाशाला स्मरणशक्ती नसते. १८ येण्याची शक्यता दर खेपेला २१६ मध्ये एक, मग आधी काहीही पडलेलं असो. २१६ वेळा टाकूनही एकदाही १८ न दिसण्याची शक्यता जवळपास ३७ टक्के आहे. लॉटरीचे 'येणारे आकडे' विकणारे याच अज्ञानावर पोट भरतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं.

नवा 'बाल्डर्स गेट' गुणांसाठी फासे टाकायला लावत नाही. तो २७ पॉइंट देतो आणि ते वाटायला सांगतो. ८ वरून १३ पर्यंतची प्रत्येक पायरी एका पॉइंटला मिळते, पण १३ वरून १४ आणि १४ वरून १५ ला दोन-दोन मोजावे लागतात. घंटेच्या टोकाकडची दुर्मिळता इथे किमतीच्या रूपाने परत आली.

आता हा आकडा खेळात वापरला कसा जातो ते बघू. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा नियम सरळ आहे: आकड्यातून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या. १६ चे झाले +३, ८ चे –१. मग वीस बाजूंचा फासा टाकून त्यात हे मिळवायचं आणि कामाच्या अवघडपणाचा आकडा गाठायचा. दार फोडायला १२ लागत असतील तर पहिल्याला फाशावर ९ पुरतात, म्हणजे ६० टक्के संधी. दुसऱ्याला १३ हवेत, म्हणजे ४० टक्के. दार अगदी तकलादू असेल, ५ वर फुटणारं, तर ९५ विरुद्ध ७५. आणि १८ लागणारं भक्कम दार असेल तर ३० विरुद्ध १०, म्हणजे तिप्पट! पात्रं तीच, दरी चारचीच, पण "कितीपट ताकदवान" याचं उत्तर दारागणिक बदलतं.

दुसरे गेम दुसरी सूत्रं लावतात. 'एल्डन रिंग'मध्ये व्हिगर हा गुण २५ वरून ४० वर नेला तर आयुष्याची पट्टी ८०० वरून १४५० होते, पॉइंटमागे ४३. ६० वरून थेट ९९ वर गेलात तर १९०० ची २१००, पॉइंटमागे जेमतेम पाच. वाढ मंदावणाऱ्या या वळणांना खेळाडू 'सॉफ्ट कॅप' म्हणतात आणि आपली 'बिल्ड', म्हणजे पात्राची घडण, त्याच हिशेबाने आखतात.

आणि सूत्राने आकड्याकडे पाहिलंच नाही तर? १९८७ च्या मूळ 'फायनल फँटसी'त हेच झालं. जादूगारांच्या पाटीवर बुद्धीचा आकडा दिसायचा, लेव्हल चढली की तो वाढायचाही. खेळाडू खूश व्हायचे. पण प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे जादूचा मार ठरवताना तो आकडा वाचलाच जात नव्हता. बुद्धी कितीही वाढली तरी आगीचा गोळा शत्रूला तेवढाच भाजायचा.