डोळ्यात चुना गेल्यानंतरची स्टेम सेल शस्त्रक्रिया : सांगली-साताऱ्यातल्या रुग्णांसाठी पात्रता आणि कागदपत्रे

तासगाव भागात द्राक्षबागेची छाटणी झाली की बोर्डो या फवारणीच्या औषधाच्या टाक्या भरायला लागतात. एका बादलीत मोरचूद विरघळतो, दुसरीत कळीचा चुना फसफसतो आणि ढवळताना एखादा शिंतोडा थेट डोळ्यात जातो. घरात तर तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागते आणि दाबली की तोंडावर फुटते. माझ्या भाच्याचा डोळा असाच गेला होता. तेव्हापासून आमच्या सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढायला अशी माणसे आली की मी त्यांची पूर्ण फाईल बघूनच त्यांना सोडते. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "ताई, स्टेम सेलने डोळा येतो म्हणतात, त्याचा फॉर्म कुठे मिळतो?"

या शस्त्रक्रियेसाठी वेगळा सरकारी फॉर्म नसतो. आधी निदान, मग ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार त्याचे पत्र आणि त्यानंतर पैशाची योजना. हा क्रम उलटा केला की महिने वाया जातात.

नेमके काय बिघडते

डोळ्याचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात, त्या कडेला डॉक्टर लिंबस म्हणतात. बुबुळावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाला, सतत नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, याच कडेत असतात. चुन्याने ही कड जळाली की पांढऱ्या भागावरची कातडी रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढते. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडले. अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया नुसता बसवून भागत नाही. तो मधोमध बसतो, कड जळालेलीच राहते आणि कालांतराने नवा कॉर्नियाही गढूळ होतो.

म्हणून आधी कड दुरुस्त करायची. चांगल्या डोळ्याच्या कडेचा साधारण २ × २ मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्याचे आठ-दहा बारीक कण करतात आणि खराब डोळ्यावर गर्भवेष्टनाचा, म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा, पातळ पडदा चिकटवून त्यावर ते कण मांडतात. वरून संरक्षक लेन्स घालतात. पेशी डोळ्यावरच वाढतात, प्रयोगशाळा लागत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली ही पद्धत मांडली, तिला स्लेट म्हणतात. २०१६ साली त्यांनी १२५ डोळ्यांचा अहवाल दिला. त्यातल्या ९५ डोळ्यांचा पृष्ठभाग टिकून राहिला होता. म्हणजे चारातल्या एकाला यश आले नाही, हे घरच्यांनी आधीच मनाशी धरून चालावे.

कोण पात्र ठरते

एकच डोळा भाजलेला आणि दुसरा निरोगी, ही सर्वांत सोपी अवस्था. भाजल्याबरोबर मात्र ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. लाली आणि सूज पूर्ण शमायला काही महिने जावे लागतात. डोळ्यात पुरेसे पाणी आहे का, पापण्या नीट मिटतात का, डोळ्याचा दाब काबूत आहे का, हे तपासतात. पापणी चिकटली असेल तर ती आधी सोडवावी लागते. डोळ्यावर बॅटरी धरली तर उजेडही कळत नाही, अशा डोळ्याची दृष्टी या उपचाराने परत येत नाही, कारण बिघाड आतल्या नसेचा किंवा पडद्याचा असतो.

दोन्ही डोळे भाजले असतील तर पेशी नातेवाइकाकडून किंवा मृत दात्याकडून घ्याव्या लागतात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. इथे मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा लागू होतो. १९९४ च्या या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही (शरीरातले पेशींचे थर) आल्या. आईवडील, भावंडे, नवरा-बायको, मुले, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक. नाते सिद्ध करायला जन्मदाखला किंवा विवाह नोंदणी दाखला लागतो. पैसे घेऊन ऊती देणे गुन्हा आहे.

कागद

फाईलमध्ये सर्वांत वर पहिल्या दिवसाचा केसपेपर ठेवा. चुना गेला की आधी अर्धा तास तरी स्वच्छ पाण्याची धार डोळ्यात सोडायची. तूप नको, दूध नको. मग जवळच्या आरोग्य केंद्रात जायचे आणि काय गेले, किती वाजता गेले, पाण्याने धुतले का, हे कागदावर लिहून घ्यायचे. भाच्याच्या केसपेपरवर फक्त 'डोळा लाल' एवढेच होते. पुढे प्रत्येक टेबलावर आम्हाला चुन्याची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली.

त्यानंतर सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, यांपैकी जवळच्या ठिकाणी नेत्रविभागात दाखवा आणि कॉर्नियातज्ज्ञाकडे जाण्यासाठी संदर्भचिठ्ठी मागा. चिठ्ठीवर लिंबसच्या मूळ पेशी गेल्याचे निदान स्पष्ट लिहिलेले हवे. नुसते 'अंधुक दिसते' असे असेल तर लिहिणाऱ्याला विनंती करून ते तिथेच दुरुस्त करून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागते, आयुष्मान कार्ड काढले असेल तर तेही न्या. अंगीकृत, म्हणजे योजनेला जोडलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) शस्त्रक्रियेचे नेमके नाव दाखवा आणि ती कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते विचारा. पूर्वमंजुरी आल्याशिवाय तारीख घेऊ नका. हेल्पलाइन १५५३८८. भाच्याचे नाव रेशनकार्डावर चढवलेलेच नव्हते. चूक आमचीच, पण तीन आठवडे त्यातच गेले. घरात लहान मूल असेल तर आजच कार्ड उघडून बघा.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी विहित नमुन्यातला अर्ज, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला (मर्यादा १.६० लाख रुपये), आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि खर्चाचे अंदाजपत्रक जोडायचे. रुग्णालय खासगी असेल तर त्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते. अपघात असेल तर एफआयआर. अर्ज शस्त्रक्रियेआधीच करायचा, आणि आजार निधीच्या यादीत व रुग्णालय त्यांच्या नोंदीत आहे का, हे अंदाजपत्रक काढण्यापूर्वी विचारायचे. धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, तिथेही हाच दाखला चालतो.

डोळा ॲसिड हल्ल्यात भाजला असेल तर सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने पीडितावर विनामूल्य प्रथमोपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

पैसे भरण्याआधी

'स्टेम सेलचे इंजेक्शन, कुठलाही डोळा बरा' असे कोणी सांगितले तर तिथून उठा. अमेरिकेत तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या होत्या, त्यांची दृष्टी गेल्याचे २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. कोणी 'चाचणी चालू आहे' म्हणाले तर भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. चाचणीत भाग घ्यायला रुग्णाने पैसे मोजायचे नसतात.

शस्त्रक्रियेनंतर थेंब बरेच महिने चालतात आणि फेऱ्याही. पुढे नजरेसाठी कॉर्निया बदलायची वेळ आली तर ती वेगळी शस्त्रक्रिया, मंजुरीही नव्याने घ्यायची. फाईल मात्र हीच लागते, म्हणून मूळ कागद कुठल्याही टेबलावर सोडू नका, झेरॉक्स द्या.