शेवभाजीची तर्री पोटात गेल्यावर पुढे काय होतं

आपल्या खान्देशात जेवण म्हटलं की तेल आलंच. शेवभाजीवर लाल तर्री दिसलीच पाहिजे, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की बामणोदच्या वांग्यांचं भरीत, त्यावर शेंगदाणा तेलाची फोडणी आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या, हे सगळं आपण आवडीने खातो आणि मग कोणाचं पोट सुटलं की लगेच म्हणतो, तेल जास्त खातो ना तो. पण खाल्लेलं तेल काही सरळ पोटावर जाऊन बसत नाही, मधे लांबचा प्रवास आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

तेल, तूप आणि अंगावरची चरबी हे मुळात एकाच जातीचं रसायन, ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलचा छोटा रेणू आणि त्याला चिकटलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या. एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून जात नाही, तो आधी तोडावा लागतो आणि ते काम लायपेज नावाचं एन्झाइम, म्हणजे पचनाचं काम करणारं प्रोटीन, करतं. आता अडचण अशी की एन्झाइम असतं पाण्यात आणि तेल तर पाण्यात मिसळत नाही. जठरात थोडंफार तुटतं, पण खरं काम लहान आतड्यातच होतं.

तिथे तेल पोचलं की आतड्याची भिंत सीसीके नावाचं हार्मोन सोडते, त्याच्यामुळे पित्ताची पिशवी आवळली जाते, स्वादुपिंड लायपेज सोडतं आणि जठराचा वेग कमी होतो, म्हणून भरीत-पुरी खाल्ली की बराच वेळ पोट भरलेलं वाटतं. पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि पिशवीत फक्त ते घट्ट करून ठेवलेलं असतं. तर्रीचं भांडं नुसत्या पाण्याने धुवून बघा, तेल जागचं हलत नाही, साबण लावला की सुटून येतं, तेच काम पित्त करतं, म्हणजे तेलाच्या मोठ्या थेंबाचे बारीक बारीक थेंब करतं आणि मग लायपेजला सगळीकडून तोडता येतं. खड्यांमुळे ज्यांची पित्ताची पिशवी काढलीय त्यांचं यकृत पित्त बनवत असतंच, ते थोडं थोडं सतत आतड्यात येत राहतं, त्यामुळे बहुतेकांना तेल-तूप पचतं, फक्त एकदम जास्त झालं तर काहींना त्रास होतो.

यापुढचं मला सगळ्यात भारी वाटतं. तुटलेले तुकडे आतड्याच्या पेशीत गेले की पेशी ते परत जोडते, पुन्हा ट्रायग्लिसराइड करते, त्याला प्रोटीनचं वेष्टन घालते, त्या गोळीला कायलोमायक्रॉन म्हणतात. साखर आतड्यातून रक्तात जाते आणि थेट यकृताकडे जाते, पण ह्या गोळ्या लिम्फच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या, पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून छातीतून वर चढतात आणि डाव्या बाजूला मानेच्या खाली मोठ्या शिरेत, म्हणजे रक्तात उतरतात. १६२२ साली इटलीत गास्पारे आसेल्ली नावाच्या डॉक्टरला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ ह्याच नळ्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या होत्या. जड जेवणानंतर काही तास आपल्या रक्तातही ह्या गोळ्या फिरत असतात, म्हणून ट्रायग्लिसराइडची तपासणी बऱ्याचदा उपाशीपोटी करायला सांगतात.

रक्तातून ही चरबी स्नायूंकडे, हृदयाकडे आणि चरबीच्या पेशींकडे जाते. जेवणानंतर इन्सुलिन वाढलेलं असतं, तेव्हा साठवण जोरात चालते आणि आधीचा साठा बाहेर पडणं जवळपास थांबतं. इथेच तेलाला एकट्याला दोष देणं चुकतं. दादर ज्वारीची भाकरी असो, भात असो, पेढे असो, पचून त्यांची साखरच होते, ती गरजेपेक्षा जास्त झाली तर शरीर आधी ती साखर जाळतं आणि त्या दिवशीचं तेल तसंच साठ्यात जातं. तेल निर्दोष आहे असंही नाही हं, एका ग्रॅमला ९ कॅलरी, भाकरीतल्या पिठूळ भागाला ४, म्हणजे दोन पळ्या तर्री वाढली की हिशोब पटकन वाढतो.

पण ही ९ कॅलरीच शरीराला हवी असते. ७० किलोच्या माणसाच्या अंगावर १०-१५ किलो चरबी सहज असते, म्हणजे जवळपास एक लाख कॅलरी. साखरेचा साठा म्हणजे ग्लायकोजेन जेमतेम अर्धा किलो, आणि ते दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तेवढीच एक लाख कॅलरी ग्लायकोजेनच्या रूपात ठेवायची म्हटलं तर नुसता साठाच शंभर किलोच्या आसपास झाला असता, चालणार कसं?

जेवण होऊन बरेच तास गेले, रात्री झोपलो, किंवा चालायला लागलो की इन्सुलिन उतरतं, चालताना ॲड्रेनलिनसारखी हार्मोन्सही वाढतात आणि चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड रक्तात सोडतात. स्नायूच्या पेशीत मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीतल्या शक्ती तयार करणाऱ्या भागात, ती साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी कापली जाते. साखळी अशी दोन-दोन कार्बनने तुटते हे १९०४ मध्ये फ्रान्झ क्नूप ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं. १६ कार्बनच्या एका पामिटिक ॲसिडमधून १०६ एटीपी, म्हणजे पेशी शक्तीसाठी वापरते ते रेणू, मिळतात, ग्लुकोजच्या एका रेणूतून ३० ते ३२. मात्र चरबी जाळायला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि वेग कमी, म्हणून जोरात पळताना साखर लागते आणि आरामात लांब चालताना चरबी. चैत्रात धुळे-जळगावकडून सप्तशृंगी गडावर पायी जाणारे भाविक दिवसभर एका लयीत चालतात ना, त्यांच्या पायांना बरीचशी शक्ती ह्याच साठ्यातून मिळत असते.

आणि जळलेली चरबी घामातून वाहून जात नाही. १० किलो चरबी पूर्ण जळली तर साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. पोटाला पट्टा बांधून घाम काढला तर पाणी जातं, ते दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतं. नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी निघत नाही ते पण ह्याचमुळे, पेशींनी सोडलेलं फॅटी ॲसिड रक्तात मिसळतं आणि अंगातला कुठलाही स्नायू ते वापरतो, कोणत्या जागेचा साठा आधी उतरायचा हे हार्मोन्स आणि आनुवंशिकतेवर ठरतं.