बेळगाव सीमाभागातली ऊर्जाबचत आणि सरकारी योजना

वीज आणि इंधन कमी जाळून तेवढंच काम काढणं आणि त्यातनं धूर, कार्बन कमी करणं, यासाठी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात केंद्राच्या आणि कर्नाटकच्या अशा दोन्ही योजना चालतात. ऊर्जाबचतीचा केंद्राचा कायदा 2001 चा, त्यातनं 2002 ला ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईई निघाली, फ्रीजवरचे स्टार त्यांचेच. इथं मात्र रोजचा संबंध हेस्कॉमशी, म्हणजे इथल्या वीज कंपनीशी, मीटर, बिल सगळं त्यांच्याकडंच.

सगळ्यात मोठं काम फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत आहे. उद्यमबाग, मच्छे भागात कास्टिंगचे बरेच कारखाने, कुठं कोकवर चालणारी कुपोला भट्टी तर कुठं विजेवरची इंडक्शन फर्नेस, आणि एक टन लोखंड वितळवायला इंडक्शनला साधारण 550 ते 650 युनिट जातात. बीईईनं छोट्या उद्योगांसाठी जे क्लस्टर, म्हणजे एकाच धंद्याच्या कारखान्यांचे गट, निवडले त्यात बेळगावची फाउंड्री होती. ऑडिटमध्ये निघणाऱ्या गोष्टी तशा साध्याच असतात, फर्नेसचं झाकण उघडं राहतं, मोल्ड तयार नाहीत म्हणून वितळलेला रस नुसता गरम ठेवावा लागतो, कॉम्प्रेसरची हवा गळते. मालक हे लगेच मनावर घेतो कारण बिल त्याच्याच खिशातनं जातं.

घरात उलटं आहे. कर्नाटकच्या 2023 च्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत वीज फुकट, पण सरसकट नाही, 2022-23 च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून जेवढं बसतं तेवढंच, आणि 200 ओलांडलं की पूर्ण बिल भरायचं. म्हणून काठावरच्या घरांनी 75 वॅटचा जुना पंखा काढून 30 वॅटच्या आसपासचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावावा, फरक पडतोच. नोंदणी कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू वेबसाइटवर, तिथं कन्नड आणि इंग्रजीच आहे, मराठीत असतं तर म्हाताऱ्या माणसांना किती सोपं झालं असतं. केंद्राच्या पीएम सूर्यघरमध्ये 3 किलोवॅट किंवा त्यावरच्या सोलरला 78,000 रुपये सबसिडी मिळते, पण बिलच शून्य येणाऱ्या घराला छतावर सोलर कशाला, हा प्रश्न राहतोच, दोन्ही योजना एकमेकींना अडवतात असं स्पष्ट दिसतं.

शेतात 10 एचपीपर्यंत पंपाची वीज फुकट, त्यामुळं चारदा रिवाइंड केलेली, जास्त वीज खाणारी मोटर कोणी बदलत नाही, आणि तिकडं रायचूर, बळ्ळारीच्या थर्मल वीज केंद्रांत कोळसा जळत राहतो. केंद्राच्या पीएम कुसुम योजनेत शेतीचा अख्खा फीडरच, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइनच, सोलरवर घ्यायची सोय आहे, ते झालं तर दिवसा करंट मिळेल, उसाला रात्री पाणी पाजायला जावं लागणार नाही, शेतकऱ्याला खरं तेच पाहिजे.