वीस लिटर पाणी, दहा बोयटं आणि छोटी बॅटरी

पहाटे सहाला टाकीत सोडलेली बोयटं, म्हणजे गळाला लावायचे जिवंत छोटे मासे, साडेसातला तोंडं वर करून पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबकळू लागली, की दोष बॅटरीला दिला जातो. पुढच्या खेपेला कयाकवर दुप्पट वजनाची बॅटरी चढते, बोयटं तरीही मरतात. जिताडा माशासाठी गरवायला (गळ टाकायला) दिवसभर खाडीत राहायचं असेल, तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी कागदावर एक हिशेब मांडावा.

बोटभर लांबीचं बोयट साधारण १० ग्रॅमचं. दहा बोयटं म्हणजे १०० ग्रॅम मासा. पाणी ३० अंशांचं असताना नुकता पकडलेला, बिथरलेला लहान मासा किलोमागे तासाला ढोबळमानाने अर्धा ग्रॅम ऑक्सिजन वापरतो. म्हणजे आपल्या दहांना तासाला ५० मिलिग्रॅम. त्या तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरला जेमतेम सहा मिलिग्रॅम. वीस लिटरच्या टाकीत झाले १२०. त्यातला निम्मा संपला की धाप सुरू होते. सगळं मिळून सव्वा तास.

आता पुरवठा बघा. मिनिटाला एक लिटर हवा सोडणारा छोटा एअर पंप तासाभरात १६ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन पाण्यातून बुडबुड्यांनी नेतो. त्यातला अर्धा टक्का जरी विरघळला तरी ८० मिलिग्रॅम मिळाले. गरजेपेक्षा जास्त. आणि या पंपाला वीज लागते एक ते दीड वॉट. मासे जगवायला लागणारी वीज मुळात इतकीच आहे. बाकीची आपण पाणी उचलण्यात घालवतो.

कारण होड्यांवरची सर्रास पद्धत म्हणजे बाहेरचं पाणी सतत टाकीत खेळवायचं. त्यासाठी तासाला १९०० लिटरचा १२ व्होल्टचा बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी उपसायचा पंप) बसवतात. तो दोन अँपिअरच्या आसपास घेतो. आठ तासांचे झाले १६ अँपिअर-तास. यूपीएसमधली ७ एएचची (अँपिअर-तासांची) शिशाची बॅटरी इथे अडीच-तीन तासांत बसते, कारण तो ७ आकडा वीस तासांत हळूहळू वापरण्यासाठीचा असतो. जोरात ओढली की तीच बॅटरी कमी देते. शिवाय इतक्या प्रवाहात बोयटं दिवसभर पोहून दमतात. पंप ठेवायचाच असेल तर मध्ये शंभर-दोनशे रुपयांचा चालू-बंद टायमर रिले घाला: तीस सेकंद चालू, साडेचार मिनिटं बंद. पाइप आणि चढ धरून पंप अर्ध्या मिनिटात दहाएक लिटर टाकतो, म्हणजे तासाला १२० लिटर. टाकीचं पाणी तासात सहा वेळा बदललं. आणि दिवसाचा खर्च १६ वरून १.६ अँपिअर-तासांवर आला. टाकीतून बाहेर जाणारा पाइप मात्र आत येणाऱ्यापेक्षा जाड हवा. आत पंप ढकलतो, बाहेर पाणी नुसत्या उतारावर जातं. दोन्ही पाइप पाऊण इंची ठेवले की टाकी वरून वाहून मांडीवर येते.

ठाणे खाडीत मात्र बाहेरचं पाणी खेळवणं मला तरी पटत नाही. ओहोटीला चिखलाच्या पट्ट्यांवरून उतरणाऱ्या पाण्यात कुजणारा पालापाचोळा आणि शहरांचं सांडपाणी असतं, आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. अशा वेळी पंप टाकीतलं चांगलं पाणी काढून वाईट भरतो. उधाणाला गाळ इतका ढवळतो की पंपाची जाळी अर्ध्या तासात बुजते. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी त्यामानाने निवळ. म्हणून भरती भरत आली की मधल्या खोल धारेतून टाकी एकदाच भरावी, एअर पंपावर चालवावी आणि दुसरी भरती मिळेपर्यंत बाहेरच्या पाण्याला हात लावू नये. (ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पश्चिम काठ फ्लेमिंगो अभयारण्यात येतो. २०१५ पासून तो संरक्षित आहे, २०२२ पासून खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही आहे. तिथे परवानगीशिवाय कयाक घालू नये.)

बंद टाकीत ऑक्सिजननंतरचा शत्रू अमोनिया. मासे तो कल्ल्यांतून सोडतच असतात. पाण्यावर न फुटणारा फेस साचू लागला की पाणी घाण झालं असं समजावं. दोन लिटरला एक बोयट यापुढे जाऊ नये, बोयटांना आदल्या दिवशी खायला घालू नये आणि मेलेलं लगेच काढावं. टाकी गोल घ्यावी. चौकोनी टाकीत बोयटं कोपऱ्यात घुसून नाकं सोलून घेतात. ऊन हा तिसरा. पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची भूक साधारण दुप्पट होते, आणि पाण्यात तो मावतोही कमी. काळ्या बादलीला ओलं गोणपाट गुंडाळा. गोठवलेली बाटली बूच लावून बुडवा, बर्फ सुटा टाकू नका. तो नळाच्या पाण्याचा असतो आणि त्यात क्लोरीन असतं. दोन-तीन अंश उतरले तरी पुरे, एकदम गार केलं तर माशांना धक्का बसतो. कोळंबी असेल तर टाकीची गरजच नाही: गार, ओल्या गोणपाटात सावलीला ती दोन-तीन तास सहज तगते.

विजेचा भाग आता सोपा होतो. दीड वॉटचा यूएसबी पंप आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. पाच व्होल्टला रूपांतर होऊन हातात येतात ३० वॉट-तासांच्या आसपास. म्हणजे कागदावर वीस तास. एक मेख आहे: काही पॉवर बँका कमी वीज ओढली गेली की फोन भरला असं समजून आपोआप बंद पडतात. खाडीत कळण्यापेक्षा हे घरी कळलेलं बरं. आदल्या रात्री बादलीत पंप लावून झोपा, सकाळी बघा. जुन्या यूपीएसमधून काढलेल्या बॅटरीलाही हीच परीक्षा द्या. मीटरवर ती १२.६ दाखवते आणि पंप लावला की अर्ध्या तासात मान टाकते.

१२ व्होल्टचीच मांडणी हवी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची ६-७ एएचची घ्या, वजन किलोच्या आसपास. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग ती एकदम कापते, त्यामुळे मीटरवर विसंबू नका, तास मोजा. चार्जरही तिचाच हवा, १४.४ ते १४.६ व्होल्टचा. शिशाची वापरलीत तर डबा ठार हवाबंद करू नका, तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, पंप दोन अँपिअरचा असेल तर तीनचा. पंपाच्या पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकली की मोटर जागीच थांबते, करंट कितीतरी पट चढतो आणि फ्यूज नसेल तर वायर वितळते. वायर १.५ चौरस मिलिमीटरची पुरते. जोडावर नुसती इन्शुलेशन टेप गुंडाळली तर खारं पाणी टेपखालून वायरीच्या आत चढतं. महिन्याभराने सोलून बघितलं तर तांबं हिरवट-काळं झालेलं असतं. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून, आत गोंद असलेली श्रिंक नळी तापवून बसवा आणि टोकांना व्हॅसलीन चोपडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र नळीची असते. एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली ठेवला आणि कधी बंद पडला, तर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं, तिथून बॅटरीच्या डब्यात. पंप वर बांधा, किंवा नळीत दहा-वीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. व्हॉल्व्हला दिशा असते. बाण टाकीकडे हवा. बसवल्यावर पंपाकडच्या टोकाने फुंकून बघा, हवा पलीकडे गेली पाहिजे. टाकीकडच्या टोकाने फुंकल्यावर गेली नाही पाहिजे.

घरी आल्यावर एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) गोड्या पाण्यात बुडवून पाच मिनिटं पंप चालू ठेवा. खाडीचा गाळ छिद्रांत वाळला तर पुढच्या वेळी बुडबुडे फक्त एका बाजूने, मोठाले येतात. बुडबुडा चार मिलिमीटरचा झाला तर एक मिलिमीटरच्या मानाने तेवढ्याच हवेला पाण्याशी भिडायला चौथाईच पृष्ठभाग मिळतो. तरी बुजलाच तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून उन्हात वाळवा. त्यानंतरही नीट फसफसत नसेल तर फेकून द्या, तीस रुपयांना नवा मिळतो.