पीएलए (ऊस-मक्याच्या साखरेचं प्लास्टिक)

पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड. मका किंवा ऊस यांच्यातली साखर आंबवून जे लॅक्टिक ॲसिड मिळतं त्याच्या लांब साखळ्या जोडून हे प्लास्टिक होतं. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात जेवणावळीत ज्या जाड प्लेटा येतात त्यांना लोक सरसकट 'उसाचं प्लास्टिक' म्हणतात, पण ते बहुतेक वेळा उसाचा चोथा दाबून केलेलं ताट असतं, प्लास्टिक नव्हेच.

शोध कुणाचा यावर एकमत नाही. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञानं १७८० मध्ये आंबट दुधातून लॅक्टिक ॲसिड वेगळं काढलं, तिथवर वाद नाही. १८४५ च्या सुमारास फ्रान्सच्या पेलूझनं ते तापवून पाणी काढून टाकलं आणि राळेसारखा पदार्थ मिळवला म्हणून काहीजण मान त्याला देतात, तर बरेच जण ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीतल्या कॅरोदर्सचं १९३२ मधलं काम धरतात. हे दुसरं जास्त पटतं, कारण लॅक्टाइडचं (लॅक्टिक ॲसिडचे दोन रेणू जोडून झालेलं) कडं उघडून साखळी करायची त्याची वाट आजही कारखान्यात चालते. त्याच्या हातचा माल मात्र कमी रेणुभाराचा, म्हणजे आखूड साखळ्यांचा, आणि ठिसूळ होता, जास्त रेणुभाराचा माल १९५४ च्या पेटंटपासून धरतात. पुढे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडचे शरीरात विरघळणारे टाके आले, ते याच घराण्यातले.

घनता पाण्याच्या १.२४ पट, वितळणं साधारण १५० ते १८० अंशांवर, पण खरी अडचण ५५ ते ६० अंशांचीच, तिथेच ते मऊ पडतं. पारदर्शक पीएलए ग्लासात उकळता चहा ओतला की ग्लास बोटांत दबतो आणि बूड वाकडं होतं. थंड ताकाला, सरबताला चालतो. थ्रीडी प्रिंटिंगची तार, पिशव्या, कागदी कपाचं अस्तर हे बाकीचे उपयोग.

'कुजतं' हा शब्द जपून घ्यायला हवा. साधारण ५८ अंशांची ऊब आणि ओलावा सतत टिकला तर काही महिन्यांत विघटन होतं. शेणखताच्या ढिगाच्या पोटात ही ऊब काही दिवस मिळते, कडेला नाही, आणि परसात नुसतं पुरलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. १ जुलै २०२२ च्या केंद्राच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरच्या बंदीतून कंपोस्टेबल (कुजून खत होणारं) प्लास्टिक वगळलंय, पण त्याला आयएस १७०८८ हे भारतीय मानक आणि प्रमाणपत्र लागतं, नुसता हिरवा रंग आणि पानाचं चित्र पुरत नाही.

थायलंडमध्ये रायोंगला उसाच्या साखरेपासून पीएलए बनतं. आपल्या चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांचा भर मात्र साखर, इथेनॉल आणि विजेवर.

भंगारात पीएलए आणि पेट (पाण्याच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) बाटली वेगळी ओळखणं कठीण, दोन्ही पारदर्शक आणि दोन्ही पाण्यात बुडतात. बुडावरचा आकडा बघायचा. पेटवर १ असतो, पीएलएवर ७, पण ७ म्हणजे 'इतर', त्यात दुसरीही प्लास्टिकं येतात. थोडं पीएलए मिसळलं तरी पेटचा पुनर्वापराचा माल खराब होतो.