तेल्या रोगाच्या जिवाणूची डीएनए-ओळख

डाळिंबावर तेल्या (तेलकट डाग) रोग आणणारा जिवाणू त्याच्या डीएनएवरून शोधण्याच्या व त्याचे वर्गीकरण ठरवण्याच्या पद्धती. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. पुढे सोलापूर, नाशिक पट्ट्यातल्या कित्येक बागा त्यापायी तोडाव्या लागल्या.

पान उजेडाकडे धरले की डाग तेल सांडल्यासारखा दिसतो. फळावर काळपट डाग पडून साल तडकते. एवढे दिसू लागल्यावर ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खरी अडचण गुटी कलमाची, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळे आणून केलेल्या रोपाची. वरून निरोगी दिसणारे रोपही जिवाणू घेऊन नव्या बागेत येते, म्हणून या चाचण्यांची सर्वांत मोठी गरज रोपवाटिकेतल्या मातृवृक्षांना, म्हणजे ज्यांच्यापासून कलमे करतात त्या झाडांना, आहे.

पीसीआर चाचणीत पान किंवा साल वाटून डीएनए वेगळा काढतात. जिवाणूच्या ठरावीक जनुकाशीच, बहुधा गायरेज-बी जनुकाशी, जुळणारे प्रारंभक (डीएनएचे छोटे तुकडे) घालून त्या तुकड्याच्या प्रती वाढवतात. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींवर जाऊ शकतात. डाळिंबाच्या सालीतील टॅनिन मात्र ही अभिक्रियाच अडवते. त्यामुळे डीएनए नीट शुद्ध केलेला नसेल, तर ‘जिवाणू नाही’ या निकालावर विसंबू नये. उलट मेलेल्या जिवाणूचा डीएनएही चाचणीत उमटतो, तेव्हा फवारणीनंतरचा होकार जपूनच वाचावा लागतो. प्रती वाढवण्याच्या लॅम्प या दुसऱ्या पद्धतीत पीसीआरसारखे तापमान सतत बदलावे लागत नाही, ६०–६५ अंश सेल्सिअस एवढे एकच तापमान पुरते, म्हणून ती बागेजवळही करता येते.

वर्गीकरणाची वाट वळणावळणाची आहे. १९५९ मध्ये या जिवाणूला झॅन्थोमोनास पुनिकी ही स्वतंत्र जाती मानले गेले. १९७८ मध्ये तो झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिसचा एक पॅथोव्हार, म्हणजे यजमान पिकावरून ओळखला जाणारा गट, ठरला. १९९५ मध्ये १८३ झॅन्थोमोनास वाणांच्या डीएनए-संकरणावर (दोघांचे डीएनए एकमेकांशी किती जुळून जोडले जातात यावर) आधारलेल्या फेरमांडणीत तो झॅन्थोमोनास अ‍ॅक्सोनोपोडिसमध्ये गेला. एरवी जिवाणू ओळखायला वापरले जाणारे १६एस जनुक इथे फारसे कामाचे नाही. झॅन्थोमोनास प्रजातीतल्या निरनिराळ्या जातींमध्ये ते जवळपास सारखेच असते. म्हणून अनेक जनुके एकत्र, आणि आता संपूर्ण जनुकसंच ताडून पाहतात. सरासरी साम्य ९५–९६ टक्क्यांवर गेले की जाती एक धरतात. तेल्याच्या जिवाणूचा सुमारे ५० लाख आधारक-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षर-जोड्यांचा) जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा तुलनांतून तो लिंबावरील खैऱ्याच्या जिवाणूचा निकटचा आप्त निघाला, आणि आता त्याला झॅन्थोमोनास सिट्री पॅथोव्हार पुनिकी म्हणतात.