कंट्रोलर चाचणी (वेब ॲप्लिकेशन)

वेब ॲप्लिकेशनचा कंट्रोलर आलेल्या रिक्वेस्टला योग्य उत्तर देतो की नाही, हे कोड लिहूनच आपोआप तपासून घेण्याची पद्धत. ब्राउझरकडून किंवा मोबाइल ॲपकडून आलेली मागणी कंट्रोलर स्वीकारतो, मागणारा कोण हे पाहतो, माहिती पारखतो, मॉडेलकडून (डेटा आणि हिशोब सांभाळणाऱ्या भागाकडून) काम करून घेतो आणि पान, रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सूचना) किंवा जेसन (प्रोग्रामला वाचता येईल अशी मांडलेली माहिती) परत पाठवतो. या प्रत्येक टप्प्यावर ‘नाही’ म्हणण्याची वेळ येऊ शकते. कंट्रोलर चाचणीचे खरे मोल या नकारांच्या तपासणीत आहे. होकार तर वापरणारा रोज तपासतच असतो.

मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (डेटा, त्याचे दर्शन आणि नियंत्रण वेगळे ठेवणारी) ही रचना नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडली. त्या काळचा कंट्रोलर कीबोर्ड आणि माउसकडे लक्ष ठेवत असे. वेबवर त्याच्याकडे एचटीटीपी (वेबवरील संवादाची पद्धत) रिक्वेस्ट आल्या. केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिट या जावाच्या चाचणी-साधनामुळे १९९७ नंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्या सर्वत्र रुळल्या. २००४ मध्ये आलेले रुबी ऑन रेल्स, तसेच जँगो, लारावेल, स्प्रिंग या सर्व फ्रेमवर्कमध्ये (ॲप्लिकेशनच्या तयार सांगाड्यांमध्ये) कंट्रोलर तपासण्याची सोय आहे. सर्व्हर सुरू न करता, ब्राउझर न उघडता चाचणी रिक्वेस्ट तयार करते, ती राउटिंग (पत्त्यावरून कंट्रोलर निवडणारा भाग) आणि मिडलवेअर (वाटेतल्या तपासण्या) यांमधून कंट्रोलरपर्यंत जाते आणि मिळालेला रिस्पॉन्स तपासला जातो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे सौदे हे उदाहरण म्हणून घेता येईल. समजा, अडत दुकानांसाठी एक ॲप्लिकेशन आहे. सौदा झाला की शेतकऱ्याचे नाव, पोती, वजन, क्विंटलचा दर आणि खरेदीदार अशी नोंद दुकानातला दिवाणजी भरतो. नोंद जतन झाली की पट्टीचे (सौद्याच्या हिशोबाच्या कागदाचे) पान उघडते. नवखा प्रोग्रामर याची चाचणी अशी लिहितो: लॉगिन केलेल्या दिवाणजीच्या नावाने नोंद पाठवली, उत्तर ३०२ (रीडायरेक्टचा संकेतांक) आले, चाचणी उत्तीर्ण.

ही चाचणी जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. लारावेलमध्ये नोंद जतन झाल्यावर पट्टीकडे रीडायरेक्ट केले तर उत्तर ३०२. दर रिकामा ठेवला तर व्हॅलिडेशन (माहितीची पडताळणी) फॉर्मवर परत पाठवते, तेही ३०२. लॉगिनच नसेल तर लॉगिनच्या पानाकडे, पुन्हा ३०२. तीन पूर्ण वेगळ्या गोष्टींना एकच आकडा. म्हणून रीडायरेक्ट कोणत्या पत्त्यावर झाले, सेशनमध्ये (वापरकर्त्याच्या भेटीपुरत्या साठवणीत) कोणत्या फील्डची चूक नोंदली गेली आणि डेटाबेसमध्ये सौद्याची ओळ आली की नाही, हे तिन्ही पाहावे लागते. नकाराच्या चाचणीत शेवटची तपासणी उलट बाजूने करायची: ओळ आलेली नाही, याची खात्री. मोबाइल ॲपसाठी जेसन मागितले तर गोष्ट सोपी होते. तिथे चुकीच्या माहितीला ४२२ आणि लॉगिन नसल्यास ४०१ मिळते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दुसऱ्याच्या नोंदीकडे. पत्त्यातला सौद्याचा क्रमांक बदलून एका अडत्याला शेजारच्या दुकानाची पट्टी उघडता येत असेल, तर शेतकऱ्याचे नाव, दर, खरेदीदार सगळेच उघड्यावर येते. कंट्रोलरने अशा वेळी ४०३ (परवानगी नाही) द्यावे, किंवा नोंद अस्तित्वात आहे हेही कळू द्यायचे नसेल तर ४०४ (सापडले नाही). याची चाचणी लिहायला दोन दुकाने, दोन वापरकर्ते आणि एक सौदा एवढेच लागते. पाहणे, बदलणे आणि काढून टाकणे या तिन्ही क्रियांसाठी ती स्वतंत्रपणे लिहिलीच पाहिजे, कारण परवानगीची तपासणी बहुधा यांपैकी एका ठिकाणी राहून जाते. फॉर्ममध्ये नसलेले फील्ड, उदाहरणार्थ दुकानाचा क्रमांक, मुद्दाम रिक्वेस्टमध्ये घालून पाठवणे ही याच जातीची दुसरी चाचणी. रेल्समध्ये २०१३ पासून स्ट्राँग पॅरामीटर्स आणि लारावेलमध्ये मॉडेलवरची फिलेबल यादी यासाठीच, म्हणजे ठरवून दिलेलीच फील्ड स्वीकारण्यासाठी, आहे.

मराठी वापरकर्त्यांसाठी बनवलेल्या ॲप्लिकेशनमध्ये देवनागरी अंकांची चाचणी हवीच, आणि ती क्वचितच आढळते. दराच्या रकान्यात कोणी ‘१२५००’ असे देवनागरीत लिहिले तर काय होईल, हे भाषेवर अवलंबून असते. पायथनचे इंट आणि जावाचे पार्सइंट ही मजकुराची संख्या करणारी फंक्शन हे अंक समजून घेतात. पीएचपीचे इज-न्यूमेरिक त्यांना संख्या मानत नाही, जावास्क्रिप्टचे नंबर ‘नॅन’ (संख्या नाही) देते आणि रुबीचे टू-आय मुकाट्याने शून्य परत करते. शून्य दराची पट्टी छापली जाण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा. अंक आधी बदलून घ्यायचे की नाकारायचे, हे ठरवावे आणि ठरलेले चाचणीत लिहून ठेवावे.

हिशोब मात्र कंट्रोलरच्या चाचणीत आणू नये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानतात. पाणीपातळी नोंदवणाऱ्या एखाद्या ॲप्लिकेशनमध्ये पातळी ३९ फूट ११ इंच, बरोबर ४० आणि त्याच्या किंचित वर असताना काय घडते, याच्या अनेक चाचण्या लागतील. त्यांची जागा मॉडेलच्या युनिट (एकेक भाग सुटा तपासणाऱ्या) चाचण्यांत आहे, तिथे त्या क्षणात चालतात. कंट्रोलरसाठी एवढे पुरे: अधिकृत माणसाने नोंद पाठवली, ती पोहोचली आणि इशारा उत्तरात दिसला. एक गोष्ट मात्र इथेच तपासावी लागते, ती म्हणजे तारीख. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ३० मिनिटे पुढे आहे, त्यामुळे पहाटे ४ ची नोंद यूटीसीनुसार आदल्या दिवशी पडते. पुराच्या रात्री तासातासाला पातळी घेतली जाते तेव्हा ही चूक गंभीर ठरते. चाचणीत घड्याळ पहाटेच्या वेळेवर थांबवून त्या दिवसाची यादी मागवली की ती लगेच उघडी पडते.

चाचणीचे वातावरण प्रत्यक्षापेक्षा सौम्य असते, हेही ध्यानात ठेवावे. लारावेल चाचण्या चालताना सीएसआरएफ टोकनची (फॉर्म आपल्याच साइटवरून आला हे पटवणाऱ्या खुणेची) तपासणी बंद करते, नव्या रेल्स प्रकल्पातही ती चाचणीसाठी बंद असते, जँगोचा टेस्ट क्लायंटही सांगितल्याशिवाय ती करत नाही. स्प्रिंग सिक्युरिटीमध्ये उलट आहे: टोकन जोडले नाही तर पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) रिक्वेस्टला ४०३ मिळते. म्हणजे फॉर्ममध्ये टोकन विसरले तरी लारावेलच्या सर्व चाचण्या हिरव्या (उत्तीर्ण) राहतील आणि दुकानात पहिल्याच नोंदीला ४१९ (टोकन जुळत नाही) दिसेल.

डेटाबेसबाबत साधारण रीत अशी की प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि संपताच सगळे मागे घेतले जाते. वेगासाठी मायएसक्यूएल या डेटाबेसऐवजी मेमरीतील एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस वापरण्याचा मोह होतो. परंतु एसक्यूलाइट मजकुराच्या लांबीची मर्यादा पाळत नाही, आणि बरोबरी तपासताना इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वेगळी मानते. मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत ती एकच मानते. चाचण्या काही सेकंद उशिरा संपल्या तरी चालेल, पण डेटाबेस खऱ्या कामाचाच असावा.

२०१६ च्या रेल्स ५ मध्ये कंट्रोलरने व्ह्यूला कोणते चल (व्हेरिएबल) दिले आणि कोणता साचा वापरला, हे तपासणाऱ्या सोयी मुख्य फ्रेमवर्कमधून काढून वेगळ्या जेममध्ये (रुबीच्या जोड-पॅकेजमध्ये) नेल्या गेल्या. त्यावर वाद झाला, पण दिशा योग्य होती. आतल्या चलाचे नाव बदलले म्हणून मोडणारी चाचणी कोड सुधारण्याच्या आड येते. दिवाणजीला पट्टीवर जे दिसते, तेच चाचणीने पाहावे: शेतकऱ्याचे नाव, वजन, दर, रक्कम.